छातीवरचा कप

आमच्या यंत्राला माणूस ओळखायला शिकवणं हे माझं काम होतं आणि माझी मुलगी गुंडी त्याच वर्षी माणसं ओळखायला शिकत होती. दोघांत गुंडी बरीच पुढे होती. सातव्या महिन्यातच तिला आजी कोण आणि शेजारीण कोण हे कळायला लागलं होतं. यंत्राला तेव्हा गाय आणि मोठा दगड यांतला फरकही सांगता येत नव्हता, आणि दगडाबद्दल ते छातीठोकपणे बोलायचं.

यंत्र म्हणजे लष्कराच्या ड्रोनच्या पोटाखाली बसवायचा एक डबा. त्यात उष्णता पाहणारा कॅमेरा, तो कॅमेरा हलू नये म्हणून त्याला सांभाळणारा झोका, ज्याला गिंबल म्हणतात, आणि कॅमेऱ्याला दिसलेल्या गोष्टींतला माणूस कोणता हे सांगणारा छोटा संगणक. डोंगरात कुणी जवान जखमी होऊन पडला, हाक मारण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नाही, तर वरून जाऊन त्याला शोधायचं. कॅमेरा तयार मिळाला होता. गिंबल आमच्या गिंबलरावानं बनवली होती. त्याचं खरं नाव त्याची आई सोडून कुणी घेत नाही. तो खुर्चीत वाकडा बसला, जिन्यावर अडखळला, तरी त्याची मान सरळच राहते, त्यामुळे हे नाव त्याला फारच शोभतं. आणि माणूस ओळखण्याचा भाग माझा.

शिकवायचं कसं, तर अगदी पोरांना शिकवतात तसं. हजारो चित्रं दाखवायची. प्रत्येक चित्रात माणसाभोवती चौकोन काढायचा आणि सांगायचं, बाळा, हा माणूस. पुढच्या चित्रात पुन्हा तेच. असे अकरा हजार चौकोन मी काढले, त्यातले निम्मे तरी घरी, सुट्टीच्या दिवसांत, गुंडीच्या दुपारच्या झोपेत. तिचं डोकं डाव्या हातावर आणि माउस उजव्या हातात. तिला झोपताना माझ्या कानाची पाळी धरायला लागते. मान तिच्याकडे झुकवून, एका डोळ्यानं पडदा बघत मी चौकोन काढायची. गिंबल मला तेव्हा हवी होती.

शुक्रवारी लष्कराची चाचणी होती. सोमवारी आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट बातमी सांगताना आधी चष्मा पुसतात. बराच वेळ पुसला.

"पास झालो तर काही प्रश्न नाही," ते म्हणाले. "नापास झालो तर पुढची चाचणी डोंगरातल्या वरच्या तळावर. तीन महिने. ज्याचा भाग चुकला, त्यानं तिथं जायचं."

"म्हणजे गिंबलराव किंवा मी."

"गिंबल चुकत नाही हो."

"म्हणजे मी."

"तळावर लहान मुलांना परवानगी नाही," एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो धीराचा माणूस आहे. म्हणाला, "तीन महिन्यांचंच तर आहे, मी करतो सगळं," आणि तयारी म्हणून लगेच गुंडीला घेऊन पडला, तिच्यापुढे आपला कान केला. गुंडीनं तो कान नीट दाबून पाहिला, थोडा ओढला आणि सोडून दिला. मग दुसरा पाहिला. मग माझ्याकडे बघून ओठ काढला.

"माल पसंत नाही," नवरा म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला होता.

तरी मला खरी भीती नव्हती. आमच्याच मैदानावर आम्ही यंत्राच्या शेकडो चाचण्या घेतल्या होत्या आणि शंभरातली सत्त्याण्णव माणसं ते ओळखत होतं. त्या चाचण्या कशा व्हायच्या ते सांगायला हवं. ड्रोनच्या बॅटऱ्या सकाळी लावल्या की अकराला भरायच्या. अकराला आमच्या कँटीनच्या काकांचा चहा यायचा. काका जाड चिनी मातीच्या मोठ्या कपात चहा देतात, इतका कडक गरम की पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे नुसतं बघायचं. तो टाकून कुणी मैदानावर जाणं शक्यच नव्हतं. मग ज्याची जखमी व्हायची पाळी असेल तो कप घेऊनच जायचा. गवतात कप ठेवला की कलंडतो, म्हणून जखमी माणूस उताणा पडायचा आणि कप छातीवर ठेवायचा, दोन्ही हातांनी धरून. वरून ड्रोन फिरायचा. जखमी मधूनच मान उचलून एक घोट घ्यायचा आणि परत बेशुद्ध पडायचा.

उष्णतेच्या चित्रात माणूस राखाडी दिसतो आणि चहा पांढराशुभ्र. चौकोन काढताना कप मी आतच घ्यायची. बाहेर ठेवला तर चौकोन वेडावाकडा व्हायचा, आणि मान झुकवून काम करणाऱ्या बाईनं किती नेटकेपणा दाखवावा.

शुक्रवारी दहाला लष्कराची माणसं आली. एक कर्नल, उंच, कमी बोलणारे, भुवया मात्र बोलक्या. त्यांच्यासोबत एक मेजर, हातात नियमांची वही. आणि सहा जवान, त्यातला सर्वांत थोराड एक हवालदार, ज्याला लपायला लावणं हीच शिक्षा होती. मैदानाच्या कडेला तंबू ठोकून आत मोठा पडदा लावला होता.

मेजरांनी वही उघडून वाचलं. सहा जण लपतील. वीस मिनिटांत यंत्रानं निदान पाच ओळखायचे. ओळखला म्हणजे माणसाभोवती हिरवा चौकोन यायला हवा आणि दहा सेकंद टिकायला हवा. दोन प्रयत्न, दुसरा सूर्यास्ताच्या आत.

काकांनी चहा आणला. कर्नलांनी कप घेतला. मेजर म्हणाले, "मी चहा घेत नाही."

"मग कॉफी आणतो," काका म्हणाले.

"कॉफीही नाही."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते श्वासही घेत नाहीत.

ड्रोन उडाला. एक मिनिट झालं, दोन झाली, चार झाली. पडद्यावर गवत, दगड, झुडपं सरकत होती. चौकोन काही येईना. गिंबलराव माझ्या कानाशी पुटपुटला, "चित्र बघ, काय स्थिर आहे."

"त्यात माणूस कुठंय?"

"ते तुझं खातं."

आणि मग मेजरांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हा काय. हा दिसतोय की, झुडपाखाली." खरंच दिसत होता. राखाडी, लांबट, हातपाय असलेला, कुणाच्याही नजरेला चटकन कळेल असा माणूस. यंत्र त्याच्यावरून पुढे गेलं, रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर आपण फोन बघायला लागतो तसं.

सातव्या मिनिटाला पहिला चौकोन आला. टाळी वाजवायला मी हात उचललाही होता. चौकोन कँटीनच्या मागच्या दाराशी होता, त्यात काका किटली घेऊन उभे होते. अठ्ठ्याण्णव टक्के.

"हे आमच्या सहांपैकी नाहीत," मेजर म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नवव्या मिनिटाला ड्रोननं तंबूवरून वळण घेतलं. तंबूची पुढची बाजू उघडी होती. चौकोन कर्नलांभोवती आला. नव्व्याण्णव टक्के. शेजारी खेटून मेजर उभे होते. त्यांच्याभोवती काहीच नाही.

मेजर एक पाऊल पुढे आले. मग हात वर केला. यंत्रानं त्यांची दखल घेतली नाही.

दहाव्या मिनिटाला कर्नलांनी चहा संपवला आणि कप काकांच्या हाती दिला. पडद्यावर कर्नलांभोवतीचा चौकोन एकदा लुकलुकला आणि विझला. काकांभोवतीचा मात्र ठसठशीत होता.

"मी गेलो," कर्नल म्हणाले.

मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. पण अजून नीट कळलं नव्हतं. ते कळलं बाराव्या मिनिटाला. ड्रोन मैदानाच्या टोकाला वळला तेव्हा कुंपणापलीकडचं, गुंडीला मी दिवसभर ठेवते त्या पाळणाघराचं अंगण क्षणभर पडद्याच्या कोपऱ्यात आलं. तिथं एक इवलासा चौकोन उमटला. शहाण्णव टक्के. एक पाय दुमडून, एक पाय पसरून बसलेला ठिपका. असं बसणारी मुलगी मी गुंडीशिवाय दुसरी पाहिलेली नाही. तिच्या दोन्ही हातांत आत्ताच गरम केलेल्या दुधाची बाटली होती, छातीशी धरलेली. तिच्यामागे, तिला टेकू देऊन, पाळणाघरातल्या मावशी बसल्या होत्या. त्यांच्याभोवती काही नव्हतं.

वीस मिनिटं संपली. सहापैकी शून्य.

साहेब मला आणि गिंबलरावाला गाडीच्या आड घेऊन गेले. चष्मा इतका पुसला की काच झिजेल असं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. यंत्राला मी अकरा हजार वेळा सांगितलं होतं की माणूस म्हणजे ज्याच्याजवळ काहीतरी गरम आहे. यंत्र आज्ञाधारक होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"म्हणजे चहा नाही तर माणूस नाही," गिंबलराव म्हणाला. "तसं बघितलं तर आपल्या साहेबांच्या बाबतीत खरं आहे ते. सकाळचा पहिला कप होईपर्यंत..."

"तू गप्प बस," साहेब म्हणाले. थोडा वेळ विचार केला. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला ते आवडलं नाही. "पाहुण्यांना चहा देऊ नये असं नियमात कुठं आहे?"

"अहो साहेब."

"नाही, मला सांगा, कुठं आहे? बिचारे सहा जवान सकाळपासून उन्हात पडलेत. दुसऱ्या प्रयत्नाआधी आपण त्यांना एकेक कप पाठवला. माणुसकी म्हणून. लपायला जाताना ते सोबत घेऊन गेले तर आपण काय करणार."

गिंबलराव हसायला लागला. मला हसू आलं नाही, कारण ते जमणार होतं. सहापैकी सहा. संध्याकाळी मी गुंडीला घेऊन घरी, सोमवारी परत इथंच. साहेबांनी काकांना सहा कप भरायला सांगितलेसुद्धा.

"दुसरा प्रयत्न आत्ता लगेच मागून घेतो," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त काही बोलू नका."

बारा वाजले होते. ती गुंडीच्या पाजण्याची वेळ. बाटली ती खेळणं म्हणून घेते, जेवण म्हणून मीच लागते. मी म्हटलं, दहा मिनिटांत येते, आणि पाळणाघराकडे गेले. खरं सांगायचं तर पळाले.

मावशींनी गुंडीला माझ्या मांडीवर दिलं. मावशी कुणालाच नावानं हाक मारत नाहीत, आम्ही सगळ्या त्यांच्यासाठी कुणाच्या तरी आया.

"गुंडीच्या आई, ते वर भिरभिरत होतं, त्यात आम्ही दिसलो का हो?"

"गुंडी दिसली, मावशी."

"दिसणारच. ठसका आहे तिचा. आणि मी?"

गुंडीनं दूध प्यायला सुरुवात केली होती आणि तिचा हात चाचपडत माझ्या कानाकडे निघाला होता.

"तुम्ही नाही दिसलात."

"शेजारी तर बसले होते."

"हो. पण नाही दिसलात."

मावशींनी यावर थोडा विचार केला. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आज केस विंचरायला वेळच मिळाला नव्हता." आणि गुंडीचा सुटलेला मोजा उचलून तिच्या पायात घातला. मोजा घालून झाल्यावर सवयीनं तो पाय दोन बोटांनी दाबला, गार आहे का ते बघायला.

ती बाई माझ्या मुलीला रोज आठ तास सांभाळते. माझ्या यंत्राच्या लेखी ती दगड होती. आणि उद्या एखाद्या डोंगरात अशीच कुणाची तरी गुंडी, वाढून पंचवीस वर्षांची झालेली, पाय मोडून पडलेली असेल. तिच्याजवळ काकांचा चहा कुठून असायचा?

गुंडीचा हात कानापर्यंत पोचला. तिनं पाळी धरली. मी तिचं पोट भरेपर्यंत तशीच बसले, आणि मग तिचा हात सोडवला. हाताची पाच बोटं एकेक करून सोडवावी लागतात.

परत गेले तेव्हा काका सहा कपांचं तबक घेऊन मैदान ओलांडत होते. मी त्यांना तिथंच थांबवलं आणि तंबूत जाऊन कर्नलांसमोर उभी राहिले. साहेबांनी मला खुणा करायला सुरुवात केली, पण त्यांचा चष्मा हातात होता, त्यामुळे ते त्या खुणा मेजरांना करत होते.

"सर, यंत्र का चुकलं ते मला कळलंय," मी म्हणाले. "आमच्या यंत्राला चहा घेणाराच माणूस वाटतो."

कर्नलांच्या भुवया वर गेल्या. मी सगळं सांगितलं, छातीवरच्या कपासकट. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "लढाईत चहाची सोय होतेच असं नाही."

"हो सर."

"म्हणजे मी..." मेजर म्हणाले.

"तुम्ही दगड," कर्नल म्हणाले. "मलाही कधी कधी शंका यायची." मग माझ्याकडे वळले. "त्या तबकात काय आहे?"

"चहा, सर. सहा कप." साहेबांचा आवाज मागून आला, अगदी बारीक. "माणुसकी म्हणून."

कर्नलांनी तबकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं असणार, पण त्यांनी ते तिथंच सोडून दिलं. "दुरुस्तीला किती वेळ?"

"नीट करायला महिना. आज होईल तेवढं करायला पाच तास. पण मला इथली सगळी माणसं लागतील, मैदानात पडायला. चहा न घेता."

"दुसरा प्रयत्न तुमच्या हक्काचा आहे. साडेपाचला घेऊ. फक्त या वेळी कोण कुठं लपणार ते मी ठरवणार." ते थांबले. "नाही जमलं तर सोमवारी वरचा तळ. कोण जाणार?"

"मी."

त्यांनी मान डोलावली. साहेबांनी खुर्चीवर बसून घेतलं.

त्या दुपारसारखी दुपार आमच्या कचेरीनं पाहिली नव्हती. काकांनी कँटीनच्या खिडकीची फळी लावली आणि तिच्यासमोर छातीवर हात बांधून उभे राहिले. "बावीस वर्षं," ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. "वादळात उघडं ठेवलं. छप्पर उडालं तेव्हा उघडं ठेवलं. आणि आज यंत्राला आवडत नाही म्हणून बंद."

पहारेकरी, माळी, टपाल बघणारी बाई, सहा जवान, सगळे मैदानात पडले. मी फिरून सांगत होते, तुम्ही कुशीवर, तुम्ही पालथे, तुम्ही झुडपात अर्धे. मावशी पोरांना दुसऱ्या बाईकडे सोपवून आल्या, या वेळी केस विंचरून, आणि पदर नीट करून अशा शिस्तीत पडल्या की त्यांना जखमी म्हणायला जीभ धजेना.

"मावशी, जरा वाकडं पडा. पाय दुखावलाय तुमचा."

"पाय रोजच दुखतो. म्हणून काय वेडंवाकडं पडायचं?"

मेजर दोन दगडांच्या मध्ये पडले आणि तिथूनच विचारलं की मी आता नीट दिसतोय ना. साहेबांचं तीन वाजता डोकं दुखायला लागलं. त्यांनी आयुष्यात दुपारचा चहा चुकवला नव्हता. ते गवतात कण्हत पडले होते.

"एवढा अस्सल जखमी आपल्याला कधी मिळाला नव्हता," गिंबलराव म्हणाला आणि ड्रोन त्यांच्यावरून दोनदा जास्त फिरवला.

मग चौकोन. दोन हजार चित्रं, आणि काढायला आम्ही सगळे, जो मिळेल त्या संगणकावर. कर्नलांनी स्वतः खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि चौकोन काढायला बसले. फार हळू काढत होते. मी म्हटलं, सर, अगदी काटेकोर नको, वेळ नाही.

"पाय बाहेर राहतात," ते म्हणाले. "जवानाचे पाय बाहेर ठेवायचे नाहीत." आणि आणखी हळू काढू लागले. त्यांनी एकूण एकोणचाळीस चौकोन काढले, पण त्या एकोणचाळीस जणांना थंडी वाजणार नाही असे.

चारला यंत्र शिकायला बसवलं. सव्वा तास लागणार होता. पडद्यावर एक निळी पट्टी सरकते, तिच्याकडे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही. तापलेल्या पोराच्या काखेतल्या थर्मामीटरकडे बघतात तसं मी बघत होते. नवऱ्याचा फोन आला, गुंडीला घरी घेऊन जाऊ का. मी म्हटलं, थांब जरा, मी येते. केव्हा येतेस? तेच तर बघतेय.

साडेपाचला ड्रोन उडाला. ऊन उतरलं होतं, दगड मात्र तापलेले होते आणि पडद्यावर सगळेच थोडे माणसासारखे दिसत होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

दुसऱ्या मिनिटाला चौकोन. झुडपाखालचा जवान, सत्त्याऐंशी टक्के. दहा सेकंद टिकला. चौथ्या मिनिटाला दुसरा. सहाव्या मिनिटाला ड्रोन तंबूवरून वळला आणि कर्नलांभोवती चौकोन आला, आणि शेजारी मेजरांभोवतीही. अठ्ठ्याऐंशी टक्के. मेजरांनी फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. पुढे घरी दाखवला असेल.

तिसरा खड्ड्यात सापडला. चौथा अकराव्या मिनिटाला, पालापाचोळ्याखाली, फक्त खांदा आणि डोकं. त्यानंतर काहीच नाही. बारा. चौदा. सोळा. ड्रोन फिरत होता, कँटीनवरून, कुंपणावरून, परत मैदानावर. साहेब आणि गिंबलराव माझ्या दोन बाजूंना उभे होते आणि कुणीच विनोद करत नव्हतं.

अठराव्या मिनिटाला पडलेल्या ओंडक्याशेजारी एक चौकोन चमकला. एक्कावन्न टक्के. पन्नासच्या खाली गेला की तो विझतो. विझला. पुन्हा आला. मेजर मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि तो पुन्हा विझला.

"गिंबलराव," मी म्हणाले, "हलू देऊ नकोस."

"माझी हलत नाही," तो म्हणाला. त्यानं ड्रोन तिथंच थांबवला, मान ताठ, श्वास बंद. चौकोन आला. बावन्न. मेजर मोजत होते. पाच. सहा. एक्कावन्न. आठ. नऊ.

"दहा," मेजर म्हणाले, आणि वहीत लिहिताना त्यांचं पेन थोडं दाबून चाललं. "पाच."

सहाव्यासाठी उरलेलं दीड मिनिट गेलं आणि वेळ संपली. शिट्टी वाजली. पाच जवान कपडे झटकत बाहेर आले. हवालदार येईना. पुन्हा शिट्टी. तेव्हा कँटीनच्या मागच्या लाकडांच्या ढिगाआडून तो निघाला, मिशी पुसत.

"तू तिथंच होतास ना, मी सांगितलं तिथं?" कर्नलांनी विचारलं.

"तिथंच होतो सर. हललो नाही."

मी चित्रीकरण मागे नेलं. लाकडांच्या आड एक भला मोठा राखाडी माणूस स्पष्ट दिसत होता. त्याच्या छातीवर पांढराशुभ्र ठिपका. ड्रोन त्याच्यावरून तीनदा गेला होता. चौकोन एकदाही नाही. एका दुपारच्या बिनचहाच्या शिकवणीत यंत्र दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलं होतं. आता चहा घेणारा माणूस त्याला माणूस वाटत नव्हता.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"फळी बंदच होती," काका म्हणाले. "मागच्या दाराचं कुणी काही म्हटलं नव्हतं. दमला होता हो बिचारा. ओठ कोरडे पडले होते."

कर्नलांनी पडद्याजवळ वाकून तो पांढरा ठिपका पाहिला. भुवया हलल्या.

"कामावर असताना चहा प्यायला," ते म्हणाले. "यंत्रानं त्याला माणसात धरलं नाही. मला ते पटतं." त्यांनी मेजरांची वही घेऊन सही केली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. एका महिन्यात, इथंच, दोन्ही प्रकारची माणसं ओळखता यायला हवीत. मग पेन बंद करता करता म्हणाले, "काका, आता फळी उघडा."

मी चहासाठी थांबले नाही. साहेबांनी थांबायला सांगितलं, पण ते स्वतः कपात इतके बुडाले होते की माझं जाणं त्यांना कळलं नसावं.

पाळणाघराच्या फाटकात मावशी गुंडीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, शेजारी नवरा पिशवी घेऊन. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली. गुंडीनं मला चाळीस पावलांवरून ओळखलं. माझे हात रिकामे होते, ऊन माझ्या पाठीमागे होतं, केस गवतानं भरले होते. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि मावशींच्या कडेवरून इतकी झेपावली की त्यांना तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं. शंभर टक्के.

मी तिला घेतलं. तिनं पहिल्यांदा कान तपासला. होता.

"काय हो गुंडीच्या आई," मावशी म्हणाल्या, "या वेळी दिसले का मी?"

"तुमचंच चित्र घेऊन तपासलं त्याला, मावशी. त्र्याण्णव टक्के."

मावशींनी केसांवरून हात फिरवला. पण फाटक लावता लावता थांबल्या. "आणि सात कुठं गेले?"

"ते सोमवारी शोधते," मी म्हणाले. "इथंच असेन."